लुक काकांनी धरलेली जागा

रविवार, १२ नोव्हेंबर

ज्याने मदत मागितलेली नाही, त्याला ती करायची की नाही, हे कोणी ठरवायचं? चार वर्षं समाजकार्य शिकले. परीक्षेत याच प्रश्नावर तीन पानं लिहिली आणि गुणही चांगले मिळाले. पण आज सकाळी चहाघरासमोर उभी होते तेव्हा मला उत्तर येत नव्हतं. आताही येत नाही.

एरवी रविवारी आम्ही तिघं दहाच्या सुमाराला चहाघरात जातो. आज मी काम करते त्या वृद्धांच्या केंद्रात कार्यक्रम होता, खुर्च्या लावायच्या होत्या, म्हणून उजाडायच्या आधी घरातून निघाले. चहाघराचं शटर अजून खाली होतं आणि बाहेर म्हाताऱ्यांची रांग. रांगेत सगळ्यांत पुढे लुक काका. फेरीबोटीवर होते तेव्हाचं निळं जाकीट, काखेत वर्तमानपत्र, आणि वारा आला की खोकला. शटर गुडघ्याएवढं वर गेलं तसे ते वाकून आत शिरले. ऐंशीच्या घरातला माणूस शटरखालून वाकून आत शिरतो, गोल टेबल धरायला. कोणासाठी? आमच्यासाठी. आम्ही तेव्हा झोपलेलो असतो.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. तीन वर्षांपूर्वी, कॉलेजात असताना, एकदा आम्हाला बसायला जागा मिळेना म्हणून त्यांच्या टेबलावर बसू का असं विचारलं होतं. त्यानंतर दर रविवारी ते टेबल धरूनच ठेवतात. अकराच्या आत सगळं स्वस्त असतं, त्यामुळे गर्दी ही अशी. जागा धरणारं कोणी नसेल तर तासभर नंबर हातात घेऊन उभं राहायचं. पण माहीत असणं वेगळं आणि बघणं वेगळं.

दहाला मी कार्यक्रमातून सटकून गेले. कित आणि हेइ-तुंग आधीच आले होते. आम्ही तिघं शाळेपासूनचे. कित मालाची गाडी चालवतो, हेइ-तुंग रुग्णालयात परिचारिका आहे. नेहमीप्रमाणे लुक काकांनी आमच्या वाट्या आणि पेले गरम चहाने धुऊन पालथे घातलेले.

"आलीस, आ-युत?" लुक काका म्हणाले. "मला वाटलं बोट बुडाली."

"बोट वेळेवर होती काका, प्रवासी उशिरा आली," कित म्हणाला.

"तू गप्प बस. तू आल्यापासून कोंबडीचे पंजे खातोयस, बाकीच्या कोंबडीचं काय करायचं लोकांनी?"

चहाघरातल्या फा ताई डिमसमची, वाफेवरच्या खाण्याची, गाडी ढकलत आल्या. टोपल्यांची झाकणं उघडली, वाफ आली. कोलंबीच्या करंज्या, मुळ्याच्या वड्या, मांस भरलेले पाव. पहिली करंजी लुक काकांनी नेहमीसारखी माझ्या वाटीत ठेवली. मी दोन बोटं टेबलावर टकटक केली, आभार म्हणून, सगळे करतात तशी. पण करंजी मी वाटीतच ठेवली. ते खोकत होते आणि त्यांनी स्वतः अर्धीच मुळ्याची वडी खाल्ली होती.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

केंद्रात सगळे मला आडनावाने 'लो बाई' म्हणतात. समाजसेविकेला आणि परिचारिकेला असंच म्हणायची रीत आहे, त्यात माझं काही कर्तृत्व नाही. तरीपण आईला कोण आनंद. शेजारच्या काकू आल्या की माझ्याकडे बघून म्हणते, "आमच्या लो बाई आल्या, जरा सरका." बाबा मिनीबस चालवून घरी आले की पदवीच्या फोटोखालीच बसतात. फोटोत माझी टोपी तिरकी आहे. ती सरळ करून दुसरा काढू या म्हटलं तर ऐकत नाहीत.

आज चिउ बाईंनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, एकट्या राहणाऱ्या वृद्धांवर बोलायला लावलं. मी बोलत होते आणि डोळ्यांपुढे निळं जाकीट. लुक काकांची बायको गेली, मुलगी कॅनडात. सगळी लक्षणं जुळतात आणि मी दर रविवारी त्यांच्यासमोर बसून करंज्या खाते.

संध्याकाळी कितला फोन केला. तो म्हणाला, "त्यांना आवडतं ते."

"आवडतं म्हणून आपण करू द्यायचं?"

"आवडतं म्हणूनच तर."

शिकलेलं नसलं की माणूस किती सहज सुटतो, असं मनात आलं. लिहितानाच लाज वाटली, पण आलं खरं.

रविवार, २६ नोव्हेंबर

आज सांगितलं. टेबलावर, सगळ्यांसमोर, म्हणजे कितला आणि हेइ-तुंगला मागे फिरता येऊ नये.

मी म्हणाले, "लुक काका, पुढच्या रविवारपासून टेबल आम्ही धरणार. आळीपाळीने. तुम्ही दहाला यायचं, आयतं बसायचं. तीन वर्षं तुम्ही केलंत, आता आमची पाळी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कितकडे. कित किटलीचं झाकण अर्धवट उघडून ठेवत होता, गरम पाणी हवं अशी वेटरला खूण म्हणून, आणि त्यातच डोकं घालून बसला.

"इतक्या सकाळी तुम्ही पोरं उठणार?"

"उठू."

"बरं, बरं," ते म्हणाले.

मग मी केंद्राबद्दल सांगितलं. नाव नोंदवलं की महिन्यातून भेट, तपासणी, आणि गळ्यात घालायचं एक बटण. पडलं झडलं तर दाबायचं, माणसं धावून येतात. मी अर्ज बरोबरच आणला होता. हेइ-तुंग म्हणाली, "अगं, इथे?" पण मला वाटलं, आपल्या माणसांत सही करायला बरं वाटेल. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि सही केली. मी त्यांच्या पेल्यात चहा ओतला. त्यांनी दोन बोटं टकटक केली.

घरी येताना अगदी हलकं वाटत होतं. शिक्षणाचा उपयोग होतो तो असा.

रविवार, ३ डिसेंबर

पहिली पाळी कितने घेतली. लुक काका दहाच्या ठोक्याला आले. केस विंचरलेले, इस्त्रीचा शर्ट, निळं जाकीट नाही. टेबलाशी येऊन उभे राहिले. मी "बसा ना" म्हटल्यावर बसले.

मी त्यांची वाटी धुतली. त्यांनी किटलीकडे हात नेला, मी म्हटलं, "काका, आज तुम्ही पाहुणे." हात मागे घेतला. मग तो हात कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. कधी मांडीवर, कधी टेबलाच्या कडेवर.

फा ताई म्हणाल्या, "काय हो, आज एवढे नटून? मुलगी बघायला आलात का?"

"मलाच बघायला आणलंय," ते म्हणाले. सगळे हसलो.

त्यांना कोणी काही करून दिलेलं सहन करायची सवय नाही. होईल हळूहळू. कित सारखा जांभया देत होता. निघताना म्हणाला, "आ-युत, एक सांगू?" मग म्हणाला, "जाऊ दे."

रविवार, १७ डिसेंबर

पाळ्या आळीपाळीने ठरल्या होत्या, पण कित सगळ्या स्वतःच घेतो. म्हणतो, गाडीमुळे पहाटे उठायची सवय आहे आणि हेइ-तुंगची रात्रपाळी असते. मग मी उठते म्हटलं, तर म्हणाला, "तू झोप. तुझं डोकं जागं असलं की सगळ्यांची झोप जाते." चांगला आहे तो. पण सुट्टीच्या दिवशी कोणी इतक्या हौसेने अंधारात उठतं का, कोण जाणे.

लुक काका कमी बोलतात. आज बोटीवरचा एकही किस्सा नाही. मी हवेबद्दल, गुडघ्याबद्दल, औषधांबद्दल विचारलं. सगळ्याची नीट उत्तरं दिली.

मंगळवार, ९ जानेवारी

आज मी त्यांच्या घरी गेले, केंद्रातर्फे पहिली भेट. बटण बसवायचा माणूसही बरोबर होता. घर लहान आणि लख्ख. जाळीच्या दारामागे चपला रांगेत. त्यांनी चहा केला, डब्यातून बिस्किटं काढली. बटणवाला माणूस ऐकत होता, म्हणून मी सांगितलं की कामावर असताना काही घेता येत नाही.

"पाणीसुद्धा नाही?"

"नाही, काका. नियम आहे."

त्यांनी बिस्किटं परत डब्यात ठेवली, एकेक.

केंद्रात परतल्यावर चिउ बाईंना सहज म्हणाले की हे लुक काका माझ्या ओळखीचे, दर रविवारी आम्ही एकत्र चहा घेतो. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"नाव नोंदवताना सांगितलं नाहीस?"

"त्यात काय सांगायचं? एका टेबलावर बसतो एवढंच."

"दर रविवारी एका टेबलावर बसणं म्हणजे काय एवढंच? लो बाई, आता ते तुमचे लाभार्थी आहेत. त्यांच्याकडून भेट नाही, खाणं नाही, घरोबा नाही. उद्या दुसरा कोणी म्हणाला की बाईंच्या मित्राला बटण आधी मिळालं, तर मी काय उत्तर देऊ?"

"मग त्यांची नोंद दुसऱ्या कोणाकडे द्या."

"केंद्राचं माणूस कोणीही असो, नियम तोच. कॉलेजात शिकवतात ना हे?"

शिकवतात. मीच तर त्यावर उदाहरणं लिहिली होती.

शेवटी त्या म्हणाल्या, चहाघर काही केंद्राचं नाही, तिथे कोण कुठे बसतं ते मी बघायला येणार नाही. पण त्यांच्या हातून काही घ्यायचं नाही. मी ठरवलं आहे की रविवारी जायचं, बसायचं, फक्त त्यांच्याकडून काही घ्यायचं नाही. मन साफ असेल तर एवढं जमायला हरकत नाही.

रविवार, १४ जानेवारी

त्यांनी करंजी उचलून माझ्या वाटीकडे आणली. मी वाटी बाजूला घेतली आणि म्हणाले, "मी घेते माझी माझी." ती करंजी जेवायच्या काड्यांच्या चिमट्यात तशीच लटकत राहिली. मग कितने आपली वाटी पुढे केली, म्हणाला, "इकडे द्या, मी केंद्राचा माणूस नाही, मी नुसताच खादाड."

तो विनोद मला आवडला नाही. लुक काका हसले.

शुक्रवार, २६ जानेवारी

लुक काकांना काल न्हाणीघरात चक्कर आली. त्यांनी बटण दाबलं. माणसं आली, रुग्णवाहिका आली. रक्तदाब घसरला होता. आज हेइ-तुंगने वॉर्डात जाऊन पाहिलं, ते उठून बसले आहेत आणि जेवणाला नावं ठेवताहेत.

केंद्रात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चिउ बाई म्हणाल्या, "नोंद केली नसती तर?" मी मान खाली घातली, पण खरं तर आनंदाने रडू येत होतं. हा दिवस मी विसरणार नाही. मी बरोबर होते.

रविवार, १८ फेब्रुवारी

चांद्र नवं वर्ष लागून आठवडा झाला. मधे त्यांचं दुखणं आणि मग सण, त्यामुळे सगळे आज प्रथमच एकत्र बसलो. चहाघरात लाल कागदी फुलं, फा ताईंच्या गाडीला लाल फीत, जो तो दुसऱ्याला सुख-समृद्धीच्या शुभेच्छा देतोय.

लुक काकांनी कोटाच्या आतल्या खिशातून तीन लाल पाकिटं काढली, नव्या वर्षाच्या पैशांची. दर वर्षी देतात. लग्न झालेल्या वडीलधाऱ्याने बिनलग्नाच्या पोरांना द्यायची असतात, ती काही कोणी मागत नाही आणि कोणी नाकारत नाही.

कितने दोन्ही हातांनी घेतलं. "काका, ह्यासाठीच तर मी लग्न करत नाही."

"तुला कोणी करूही देणार नाही. पंजे खाताना स्वतःचं तोंड बघितलंयस?"

हेइ-तुंगने घेतलं, वाकली, निरोगी राहा म्हणाली. मग माझ्यापुढे पाकीट आलं. दोन्ही हातांत धरलेलं.

घराबाहेर पडल्यापासून मी या क्षणाची तयारी करत होते. वाक्य पाठ केलं होतं. मी म्हणाले, "लुक काका, तुमचा आशीर्वाद मिळाला, तो पुरे. आता मी केंद्रात तुमच्यासाठी काम करते, मला हे घेता येणार नाही."

शेजारच्या टेबलावरची बाई वळून बघायला लागली. पाकीट हवेत होतं. हेइ-तुंगने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दाबला.

"घे गं," कित म्हणाला, हळू आवाजात. "घे आणि मग काय हवं ते कर."

पण मग तो नियम कसला? लपून मोडायचा आणि उघडपणे पाळायचा, असं मला जमत नाही. मी हात मांडीवरच ठेवले.

लुक काकांनी पाकीट परत कोटात ठेवलं, कोपरा दुमडू न देता. म्हणाले, "बरोबर आहे, लो बाई. नियम म्हणजे नियम."

तीन वर्षांत त्यांनी मला आ-युत सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं.

त्यानंतर त्यांनी कमळाच्या पानातला भात मागवला, सगळ्यांना वाटला, माझ्या वाट्याचा भात तेवढा पानातच ठेवून ते पान माझ्याकडे सरकवलं, म्हणजे माझं मला घेता यावं. किती लक्षपूर्वक केलं ते.

रविवार, ३ मार्च

आज सलग दुसऱ्या रविवारी ते आले नाहीत. फोनवर म्हणाले, पाय दुखतोय. केंद्राच्या नोंदीत पायाबद्दल काही नाही. बुधवारी भेट झाली तेव्हा दार उघडलं, "या, लो बाई" म्हणाले, खुर्ची दिली, चहा विचारला नाही. रक्तदाब उत्तम.

गोल टेबल तीन माणसांना फार मोठं होतं. फा ताईंनी टोपल्या ठेवल्या आणि नेहमीसारखं "काय गं सुंदरी" म्हणाल्या नाहीत. हेइ-तुंग ड्यूटीला गेल्यावर मी कितला म्हणाले, "इतक्या पहाटे उठून टेबल धरतोस, आणि बसायला कोणी नाही."

"मी धरत नव्हतो, हे दोन रविवार सोडले तर."

"म्हणजे?"

त्याने पेला फिरवला, पुन्हा फिरवला. "पहिल्या रविवारी मी अंधारात आलो, तर रांगेत पहिले तेच. मला बघून म्हणाले, ये, इथे उभा राहा. आपली जागा मला दिली आणि स्वतः रांगेच्या शेवटी गेले. आत आल्यावर मला शिकवलं. खिडकीजवळच्या वेटरकडे बघायचं नाही, जुन्या वेटरला हात करायचा, वर्तमानपत्र दोन खुर्च्यांवर पसरायचं. वाट्या त्यांनीच धुतल्या. मग स्वयंपाकघराच्या दाराशी कोणाच्या तरी टेबलावर जाऊन बसले. साडेनऊला उठायचे, घरी जाऊन शर्ट बदलायचे आणि दहाला यायचे. पाहुणे म्हणून."

"दर रविवारी?"

"रुग्णालयात होते तेवढं सोडून."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"त्यांनी शपथ घातली. म्हणाले, तिला सांगू नको. ती त्यासाठी शिकलीये."

कितने शेवटची मुळ्याची वडी माझ्या वाटीत ठेवली. मी बोटं टकटक करायची विसरले.

बुधवार, ६ मार्च

कामावर जाण्याआधी चहाघरात गेले. फा ताईंना विचारलं, लुक काका हल्ली येतात का.

"रोज येतात की. रोज. फक्त रविवार सोडून." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पाय दुखतो म्हणे रविवारी." आणि गाडी ढकलत निघून गेल्या.

ते खांबाजवळच्या टेबलावर होते, निळ्या जाकिटात. अनोळखी तिघं शेजारी बसलेली. त्यांना ते बोटीचा दोर फेकायचा त्यांचा जुना किस्सा सांगत होते, हात वर करून, आणि एक बाई हसून डोळे पुसत होती. आम्हाला हा किस्सा नोव्हेंबरनंतर ऐकायला मिळाला नाही.

मी जवळ गेले. त्यांनी हात खाली घेतला आणि उठून उभे राहिले.

"लो बाई. बसा, बसा. काही तपासणी आहे का?"

"नाही काका. सहज."

ती तिघंही माझ्याकडे बघत होती, गळ्यातल्या ओळखपत्राकडे. एकाने लुक काकांना विचारलं, "काय झालंय तुम्हाला?" 

"काही नाही," ते म्हणाले. "आमच्या केंद्राच्या बाई आहेत. फार चांगल्या आहेत. यांच्यामुळे जीव वाचला."

हे त्यांनी मनापासून म्हटलं. टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. मी म्हणाले, "काका, मला माफ करा."

"कशाबद्दल?" ते म्हणाले. "तुम्ही तर सगळं नीट केलंत."

बसायला खुर्ची नव्हती. कोणी तरी सरकून जागा करू लागलं, पण उशीर झालाय म्हणून मी निघाले. खरं तर नव्हता झाला.

शुक्रवार, ८ मार्च

त्यांची नोंद रद्द करावी म्हटलं तर ते बटण जातं. बटण नसतं तर त्या दिवशी ते न्हाणीघरातच राहिले असते. म्हणजे मला धड पश्चात्तापही करता येत नाही. टेबलाबद्दल मी चुकले आणि बटणाबद्दल बरोबर होते, आणि दोन्ही मी एकाच रविवारी, एकाच तोंडाने केलं.

मला वाटत होतं त्यांना कोणी नाही. त्यांना रविवार होता. रविवारी ते कोणाचे लाभार्थी नव्हते, आम्ही त्यांचे होतो.

नोकरी सोडू का, असं आईला नुसतं विचारलं. ती शेंगा निवडत होती. म्हणाली, "कोणी काही बोललं का तुला?"

"नाही."

"मग? चांगलं करतेस, लोक बाई म्हणतात. आम्हाला आयुष्यात कोणी 'ए' सोडून काही म्हटलं नाही." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तुझे बाबा रोज त्या फोटोखाली बसतात, मला टीव्ही दिसत नाही. तरी मी बोलते का?"

नोकरी सोडणार नाही.

रविवार, १० मार्च

आज मी चहाघरात गेले नाही. कितला बाहेर, बसथांब्याशी भेटले आणि सांगितलं. मी यापुढे रविवारी येणार नाही. त्याने लुक काकांना कळवायचं की आ-युतची ड्यूटी लागली, टेबल धरायला कोणी नाही, पहाटे मला गाडीवर जावं लागतं, तुम्ही धराल का?

"म्हणजे तुझी जागा रिकामी करून त्यांना परत बोलवायचं."

"मी आहे तोवर ते येणार नाहीत. मी असले की ते लाभार्थी असतात."

"तू पुन्हा तेच करतेस, आ-युत. त्यांना विचारलंस?"

"विचारलं तर ते बरं, बरं म्हणतील."

एक बस आली आणि गेली. मग म्हणाला, "म्हणजे मलाही तू रविवारी दिसणार नाहीस."

"भेटू की संध्याकाळी. कधी तरी."

"हो," तो म्हणाला. "कधी तरी."

त्याचा आवाज जरा बसला होता. पहाटेची थंडी अजून गेलेली नाही.

रविवार, १७ मार्च

केंद्र आज मी उघडलं. रविवारी फारसं कोणी येत नाही. दोघी आजी पत्ते खेळायला आल्या, एकीने दुसरीवर फसवणुकीचा आरोप केला, मी मिटवलं. अकराच्या पुढे कितचा फोन आला.

"लांबून बघितलं, रांगेत पहिले होते," तो म्हणाला.

"जाकीट?"

"निळं. हेइ-तुंग तिची एक मैत्रीण घेऊन आली, वॉर्डातली. तिला म्हणाले, वाटी धुतलेली आहे, परत धुऊ नको, चहा काय फुकट येतो? ती घाबरली बिचारी. मग तिला दोराचा किस्सा सांगितला. सगळा. बोटीवरच्या म्हशीसकट."

"माझ्याबद्दल काही?"

फोनमध्ये मागे टोपल्यांचा आणि माणसांचा आवाज होता.

"मी ड्यूटीचं सांगितलं. म्हणाले, काम महत्त्वाचं. मग विचारलं, दर रविवारी का? मी म्हटलं, मला माहीत नाही. माहीत आहे का मला?"

मी म्हटलं, आजी बोलावताहेत, ठेवते.

त्याला मी पूर्ण सांगितलेलं नाही. अर्ज मंगळवारीच दिला होता, रविवारची पाळी वर्षभरासाठी. कोणालाच ती नको असते, त्यामुळे चिउ बाईंनी दोनदा वाचला. म्हणाल्या, "सगळे रविवार? तुझं रविवारी काही नसतं का?"

"नसतं," मी म्हणाले, आणि सही केली.